मला हवे होते ते आकडे

“सिस्टर, पोरीची शुगर चारशे अकरा आली,” लॅबवाला म्हणाला आणि माझ्याकडं न बघता काउंटरवरचे कागद सारखे करत बसला.

“पुन्हा घे,” मी म्हणाले. “मशीन बदल. बोट स्पिरिटनं पुसल्यावर वाळू दिलंस का?”

त्यानं गपगुमान पुन्हा टोचलं. चारशे सहा. माझी ऋतुजा बाकड्यावर बसून पाणी पीत होती. त्या सकाळची ती तिसरी बाटली. जुलै महिना होता, पोर नुकतीच नववीत गेलेली. चौदा वर्षांच्या पोरीला चारशे शुगर! मी एकवीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली चौदा वर्षं जालन्याच्या एका कॉलेजात मुलींना शिकवते. तरी त्या घटकेला मला एक अक्षर आठवेना. मी तिची बाटली हातातून घेतली, झाकण लावलं, आणि मग तिला तहान लागलीय हे ध्यानात येऊन परत दिली.

बालरोगतज्ज्ञ ओळखीचे होते. त्यांनी लघवी तपासायला लावली आणि म्हणाले, “मॅडम, कीटोन दिसतायत. इथं थांबू नका. आजच्या आज संभाजीनगरला न्या.” कीटोन म्हणजे काय ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. शरीराला साखर वापरता येईना की ते चरबी जाळत सुटतं, तिची ही राख. रक्तात ती फार साठली तर माणूस बेशुद्ध पडतं. हे मी तिच्या पप्पांना फोनवर सांगायला गेले आणि मला बोलताच येईना. ते बियाण्याच्या कंपनीत आहेत, त्या दिवशी शेतावर प्लॉट बघायला गेलेले. “रडू नको, आधी नीट सांग,” म्हणत राहिले बिचारे.

हे लिहायचं कारण एवढंच, की माझ्यासारख्या कितीतरी आया असतील, आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बायका तर नक्कीच आहेत. त्यांनी हे वाचावं. माझी लाज निघाली तर निघू द्या.

आता मागं वळून बघते तर खुणा किती तरी होत्या. उन्हाळ्यात पोर सारखी पाणी पिऊ लागली, तर मी म्हणाले, ऊन आहे. रात्रीतून दोनदा-तीनदा लघवीला उठू लागली, तर म्हणाले, पाणी पिते म्हणून. अंगानं भरलेली होती ती दोन महिन्यांत ओढल्यासारखी दिसू लागली, तर मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं, “उंची वाढली की अंग उतरतंच.” पाळी तीन महिने चुकली, तेही वयावर ढकललं.

आणि मान. ऋतुजाच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा उमटला होता, कातडी जाडसर, मखमलीसारखी. मी तो मळ समजले. दर रविवारी तिला न्हाणीत बसवून बेसन-दही लावायची, लिंबू चोळायची, एकदा तर टाचा घासायची वजरी घेतली हो मी! पोर “मम्मी, आग होते” म्हणून ओरडली तर वर मीच म्हणाले, “एवढी मोठी घोडी झालीस, मान धुता येत नाही? शाळेत लोक काय म्हणत असतील? आई नर्स आणि पोरगी अशी!” मान लाललाल व्हायची, दोन दिवसांनी पुन्हा काळी.

ह्या काळ्या पट्ट्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीरात इन्शुलिन आहे पण अंगी लागत नाही, म्हणून शरीर आणखी आणखी तयार करतं, त्याची ही कातडीवरची खूण. मधुमेह येण्याच्या कितीतरी आधी दिसते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या तासाला त्याचं चित्र आहे, मुलींना मी परीक्षेत तो प्रश्न टाकते. पण वर्गातली मान पेशंटची असते, आणि न्हाणीतली आपल्या पोरीची. मला दोन्ही एक दिसल्या नाहीत, बस्स.

आणखीही एक कारण होतं माझ्या निर्धास्तपणाला. ते पुढं सांगते.

संभाजीनगरच्या दवाखान्यात आम्ही सहा दिवस होतो. पहिले दोन दिवस सलाईन आणि इन्शुलिन, दर तासाला बोट टोचणं. तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांना जागा उरली नव्हती. ऋतुजा रडायची नाही. नुसती भिंतीकडं तोंड करून हात पुढं करायची. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

मधुमेह दोन जातींचा असतो. टाइप वनमध्ये शरीर इन्शुलिन बनवतच नाही, जन्मभर सुई. टाइप टूमध्ये बनवतं, पण ते चालत नाही. टाइप टू हा आपण मोठ्या माणसांचा आजार समजतो, पण आता पोरासोरांत दिसून राह्यलाय. कोणता आहे ते ठरवायला रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्टला चार दिवस. त्या चार दिवसांत मी देवाकडं काय मागत होते सांगू? “टाइप टू निघू दे.” कोणती आई असं मागत असेल!

टाइप टूच निघाला. सोबत सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतावर चरबी. तिथल्या ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टर, साठीच्या बाई, शांत आवाजाच्या, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. “ताई, साखर, वजन, चरबी, बीपी ही एकाच घरातली भावंडं आहेत. एक आलं की बाकीची मागून येतात. त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पण पोर लहान आहे. आत्ता धरलं तर पुष्कळ मागं नेता येईल. काही दिवस इन्शुलिन, सोबत मेटफॉर्मिनच्या गोळ्या. आणि रोजचे आकडे मला खरे पाहिजेत. त्याच्यावरच माझा डोस चालतो.”

“त्याची काळजीच करू नका,” मी म्हणाले. “आकड्यांच्या बाबतीत मी फार कडक आहे.”

घरी आल्यावर मी वही केली. शंभर पानी, पट्टीनं रकाने आखून. सकाळची उपाशीपोटी, रात्री जेवणानंतरची. माझं क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे मुलींना घेऊन वॉर्डात शिकवायला जाणं, सकाळी साडेसातला सुरू होतं. मला सातलाच निघावं लागायचं. म्हणून ठरवलं, ऋतुजानं स्वतः बोट टोचायचं, स्वतः लिहायचं, स्वतः गोळी घ्यायची. पेशंटला आपली काळजी आपण घ्यायला शिकवावं, असं आमच्या पुस्तकातही आहे. संध्याकाळी इन्शुलिनची सुई मी देणार आणि वही तपासणार.

पहिले आठ-दहा दिवस आकडे चढे होते. दोनशे चाळीस, दोनशे साठ. मी बोलायची. “काय खाल्लंस? खरं सांग. शाळेत वडापाव खाल्लास ना? डोळे जातील, किडन्या जातील, तेव्हा कळेल!” पप्पा मध्ये पडले तर त्यांनाही दोन शब्द. मग आकडे उतरू लागले. एकशे साठ. एकशे तीस. एकशे बारा. मी प्रत्येक चांगल्या आकड्यापुढं बरोबरची खूण करायची, छान म्हणायची, पाठीवर हात फिरवायची. दर रविवारी पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा, त्या फोनवर इन्शुलिन कमी करायच्या. दीड महिन्यात सुई बंद झाली. मी सासूबाईंना हसनाबादला फोन करून सांगितलं, त्यांनी गावच्या देवीला नारळ फोडला.

कॉलेजात तर मी ऐटीत सांगायचे, “शिस्त असली की आजार काय करतो?”

दसऱ्यानंतर तीन महिन्यांची तपासणी होती. एचबीएवनसी नावाची चाचणी असते. एका दिवसाची नव्हे, मागल्या तीन महिन्यांची साखर त्यात सरासरीनं कळते. आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. जुलैत ती दहा पॉइंट दोन होती. मला वाटलं, आता साडेसहा-सातच्या आत येईल. मी पेढ्यांऐवजी डॉक्टरांसाठी मोसंब्या घेतल्या होत्या पिशवीभर.

नऊ पॉइंट आठ आली.

“लॅबची चूक असेल,” मी म्हणाले. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

डॉक्टरांनी वही उघडली. एकशे आठ, एकशे चौदा, एकशे दहा. सुंदर अक्षर. मग म्हणाल्या, “मशीन आणलंय ना? द्या.” ग्लुकोमीटरला स्मरण असतं, मागचे आकडे त्यात राहतात. मला काय माहीत नव्हतं ते? पण मी कधी ते बटण दाबलं नव्हतं. त्या एकेक आकडा मागं सरकवत गेल्या आणि मला दाखवत गेल्या. दोनशे त्रेपन्न. दोनशे एकोणनव्वद. तीनशे चार. मधले कितीतरी दिवस रिकामेच.

ऋतुजा खाली मान घालून बसली होती. मी तिला तिथंच धरून मारलं असतं, खरं सांगते. एवढा राग मला आयुष्यात आला नाही.

डॉक्टर मात्र चिडल्या नाहीत. “ताई, हिच्या लघवीत प्रोटीन दिसतंय. थोडंच आहे. मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. गाळणी नीट असली की ते लघवीत उतरत नाही. म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराची चाहूल लागलीय. अजून परत फिरता येतं. पण वही बघून मी हिची सुई बंद केली. पोरगी अशीच आकडे लपवत राहिली तर माझ्याजवळ औषध असून उपयोग नाही.” मग त्यांनी मलाच बाहेर जायला सांगितलं आणि ऋतुजाशी एकट्या बोलल्या. वीस मिनिटं. मी बाहेर बाकड्यावर मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

परतीला आम्ही गाडीनं आलो, रेल्वेनं. डबा बऱ्यापैकी रिकामा होता. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर भलतंच बोलले असते. बदनापूरला गाडी थांबली, नोकरीवाली मंडळी उतरली, आमच्या समोरची जागा मोकळी झाली. तेव्हा ऋतुजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “डॉक्टर म्हणल्या, तुला सांग म्हणून. मी गोळी खातच नव्हते.”

“का?”

“पोटात मुरडा येतो. शाळेत दोन-दोनदा जावं लागतं. पोरी हसतात.”

“अगं मग सांगायचं नाही का मला!”

“तू म्हणली असती, नाटकं करू नको.”

म्हणले असते. बिलकुल म्हणले असते, ह्याच शब्दांत. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला ठाऊक असतं. जेवणानंतर घ्यायची, नाहीतर हळूहळू विरघळणारी मिळते ती घ्यायची, एवढा सोपा उपाय. ते विचारायला माझ्या पोरीला तीन महिने तोंड झालं नाही.

मग ती म्हणाली, “आणि शुगर तर मागच्या साली शाळेतच जास्त आल्ती. अश्विनी दीदीनं दोनदा घेतल्ती.”

आता ते मघाचं कारण सांगते.

आदल्या डिसेंबरात आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचा संशोधनाचा प्रकल्प होता, शाळकरी मुलींचं वजन, कंबरेचा घेर, बीपी, शुगर. किशोरवयातच हा आजार कुठं मूळ धरतो ते बघायचं, आणि मुलींच्या हाताला सवयही व्हायची. मार्गदर्शक मी. शाळा निवडली ऋतुजाचीच, कारण तिथल्या मुख्याध्यापक बाई ओळखीच्या. पालकांच्या संमतीचा कागद असतो. एका कागदावर मी मार्गदर्शक म्हणून सही केली, दुसऱ्यावर पालक म्हणून. संशोधनात फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, नुसता नंबर टाकायचा. कोणता नंबर कोणाचा ती यादी लिफाफ्यात बंद. हा नियम चांगलाच आहे, लोकांची लाज राखतो. प्रकल्प पूर्ण झाला तेव्हा शुगरच्या रकान्यात एकही आकडा वेडावाकडा नव्हता. म्हणून उन्हाळ्यात पोर पाणी पीत सुटली तेव्हा मी म्हणत होते, तपासणीत तर सगळं बराबर होतं.

“तू मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत बसल्ती,” ऋतुजा सांगू लागली. “दीदी फॉर्म घेऊन तुझ्याकडं गेली. परत आली तर रडून राह्यली. म्हणली, मॅडम रागावल्या, पुन्हा घे म्हणल्या. पुन्हा घेतली तर तेवढीच. मंग ती घाबरली. तर मीच म्हणलं, दीदी, एकशे अठरा लिहून टाका. मॅडम माझी मम्मी हाय. तिला नॉर्मलच आकडे आवडतात.”

गाडी कधी सुटली, जालना कधी आलं, मला कळलं नाही. तिनं माझी पर्स उचलली, मोसंब्यांची पिशवी उचलली. डॉक्टरांना द्यायची राहूनच गेली होती.

मला तो दिवस आठवू लागला, हळूहळू. एक पोरगी फॉर्म घेऊन दारात उभी राहिली होती. मी मान वर न करता विचारलं होतं, “किती?” ती म्हणाली, दोनशे चौदा. मी म्हणाले होते, “शेवटच्या वर्षाला आलीस आणि साधी शुगर घेता येत नाही? शाळकरी पोरीला एवढी असते का? बोटाला गूळ लागला असेल. जा, पुन्हा घे, आणि नीट घे.” नंबर मी बघितला नव्हता. बघितला असता तरी मला कळलं नसतं तो कोणाचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी लिफाफा फोडून यादीत ऋतुजाचा नंबर बघितला आणि अश्विनीला बोलावलं. ती आता इंटर्नशिप करत होती. तीर्थपुरीकडची पोर, घरी मेंढरं, शिकलेली ती पहिलीच. मी कधी तिला खुर्चीवर बस म्हणलं नव्हतं. त्या दिवशी म्हणलं तर ती आणखीच घाबरली.

“फॉर्म नंबर सेहेचाळीस,” मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. “मॅडम, पहिली दोनशे चौदा आल्ती. दुसरी दोनशे नऊ. मान बी बघितल्ती मी तिची, काळी होती. तुम्हीच शिकवलेलं. मेंढरू लंगडाया लागलं की आमचा बाप तवाच धरून बघतो, उद्यावर टाकत न्हाई. मला कळत होतं, मॅडम. पण तुमचं भ्या.” मग डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही जुलैत रजेवर गेल्या, मंग समजलं. तवापासून मला जेवण जाईना. कितीदा तुमच्या दारापोतर आल्ते.”

“बाकीच्यांचे आकडे?”

ती हळूच म्हणाली, “शुगर मी एकटीनंच बदलली. पण बीपी... मॅडम, एकशेवीस-ऐंशी लिहिलं की तुम्ही लगेच सही करता. दुसरं काही लिहिलं की सगळ्यांसमोर पुन्हा घ्यायला लावता.”

चौदा वर्षं. वॉर्डातले किती चार्ट माझ्या सहीचे, त्यातले किती खरे, देव जाणे. मी मुलींना कधी खोटं लिही असं सांगितलं नव्हतं. पण मला काय ऐकायचंय ते त्या सगळ्यांना पाठ होतं. माझ्या पोरीलाही.

मी रडले तिच्यासमोर. ती उठून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवावा की नाही ह्या विचारात तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांकडं गेले आणि प्रकल्प रद्द करा म्हणून लिहून दिलं. ते म्हणाले, “मॅडम, कशाला उकरून काढता? झालं गेलं गंगेला मिळालं.” मी म्हणाले, “सर, त्या यादीतल्या बाकीच्या पोरी कुठं गंगेला मिळाल्यात? त्या रोज शाळेत जातात.” शाळेची परवानगी पुन्हा काढली, पालकांना खरं कारण सांगितलं. दोघा-तिघांनी चांगलं तोंड सोडलं, मी ऐकून घेतलं. सगळ्या मुली पुन्हा तपासल्या. दोघींचं बीपी जास्त निघालं, एकीच्या मानेवर पट्टा होता. तिची आईही लिंबूच चोळत होती. तिला मी माझ्या न्हाणीतली गोष्ट सांगितली तेव्हा कुठं ती माझ्यासोबत डॉक्टरांकडं यायला तयार झाली.

वर्गातही मी उभं राहून सांगितलं. पोरींना आधी वाटलं मॅडम कोणा दुसऱ्याची केस सांगतायत. आता नियम केलाय. आकडा वेगळा आला तर पोरीनं मला बोलवायचं, मी स्वतः पेशंटजवळ जाऊन बघायचं, आणि तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हे शेवटचं मला फार अवघड जातं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. अजून कधी कधी जीभ सुटते. मग जाऊन पोरीची माफी मागते, आणि माफी मागायलाही मला काही गोड जमत नाही.

घरी वही बंद केली. डॉक्टरांनी हळू विरघळणारी गोळी दिली, काही आठवडे सुई पुन्हा सुरू केली. ऋतुजा पहिले पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी विचारायची नाही किती आली. मशीन टेबलावर असायचं, बटण दाबायला दोन पावलांचं अंतर. हात शिवशिवायचा, पण डॉक्टरांनी मला बजावलं होतं, “मशीन तुम्ही बघायचं नाही. तिनं सांगायचं. किती का दिवस लागेनात.” संध्याकाळी आम्ही तिघं चालायला जायचो. पप्पा तिच्याशी कबड्डीवर बोलायचे, मी मागून चालायची. पप्पांनीच तिला ज्वारीची भाकरी आणि भाजी डब्यात न्यायची गोडी लावली. माझ्या उपदेशानं काही झालं नसतं.

मान मी पुन्हा घासली नाही. एक दिवस तिला न्हाणीच्या दारातून म्हणाले, “मी तुझी कातडी सोलत होते बाई, चुकले मी.” ती आतून म्हणाली, “ठीक आहे.” आणि नळ मोठा केला.

जानेवारीत पुन्हा तपासणी झाली. एचबीएवनसी सात पॉइंट एक. लघवीतलं प्रोटीन हद्दीच्या आत. डॉक्टर म्हणाल्या, “थांबलंय. गेलं असं समजू नका. हा जन्माचा सोबती आहे, पण आता दाराबाहेर बसलाय.” सुई बंद झाली. ह्या वेळी मी नारळ फोडायला सांगितलं नाही. त्या बाईंचे उपकार मी फेडू शकत नाही. आणि अश्विनीचेही. माझ्या पोरीला जो आजार होता तो सगळ्यात आधी तिच्या हाताला सापडला होता, दोनदा, बरोबर. ती आता घनसावंगीकडं एका दवाखान्यात लागलीय. जाताना पाया पडायला आली तर मी तिला पडू दिलं नाही.

वाचणाऱ्यांना मी काय सांगू? पोरीची मान काळी दिसली, पोर सारखी पाणी प्यायला लागली, तर शुगर तपासा, बास. आणि घरात आपल्याला कोण काय सांगायला भितं, तेही एकदा तपासा. त्याचं मशीन मिळत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही हसनाबादला हुरड्याला गेलो होतो. सासूबाईंनी बांधावर आगटी पेटवलेली, कणसं भाजून हातावर चोळून देत होत्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. ऋतुजा चुलत बहिणींत बसून खात होती, हसत होती. मी लांबून बघत होते, मोजत नव्हते. मोजत नव्हते म्हणणं खोटं आहे. मोजत होते, पण गप्प होते.

सोमवारी सकाळी मी साडी नेसून, पर्स खांद्याला अडकवून निघालेच होते, तर ती मशीन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

“मम्मी, दोनशे एकाहत्तर.”

मी थांबले.

“हुरड्यानं न्हाई. गुळानं. आजी देत नव्हती, मीच मागून घेतला. तीनदा.”

माझ्या जिभेवर अख्खं भाषण तयार होतं. डोळे, किडन्या, सगळं. मी ते गिळलं. पहिल्यांदाच पोर आपण होऊन माझ्यापुढं वाईट आकडा घेऊन आली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी दाराला धरलं.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

“रागावले ना,” मी म्हणाले. “लिही.”

तिनं कॅलेंडरच्या मागं पेन शोधला आणि आजच्या तारखेखाली लिहिलं, दोनशे एकाहत्तर.